सूपभर बाजरी

कडूबाईंचं नाव काही कुणी हौसेनं ठेवलेलं नव्हतं. त्यांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून चौथ्या खेपेला त्यांच्या आईनं लेकराला उकिरड्यावर लोळवलं, सुपात घालून शेजारणीला सूपभर बाजरीला विकलं, आणि ‘सांभाळायला’ म्हणून परत घरी आणलं. नाव ठेवलं कडू. टाकलेलं, विकलेलं, कडू पोर मरणाला कशाला हवंय, असा त्या माउलीचा विचार. घर दोन पिढ्यांचं ख्रिस्ती. चर्चच्या नोंदवहीत पोरीचं नाव करुणा. ही गोष्ट कळल्यावर तेव्हाच्या पाळकसाहेबांनी कडूबाईंच्या आईला तीन महिने प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-पेल्याच्या विधीला, बसू दिलं नाही. पोर मात्र जगली, आणि आता पासष्ट वर्षांची झाली होती. करुणा म्हणून हाक मारली तर ती मागे वळूनही पाहत नसे.

शेवगावहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून ही वस्ती. बावीस घरं ख्रिस्ती, मधोमध पत्र्याचं चर्च, ज्याला सगळे देऊळच म्हणत, पलीकडे शेतकऱ्यांची गावठाणातली घरं आणि त्यांची कांद्याची रानं. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाची भाकर करायचा मान तीस वर्षं कडूबाईंचा. बिनमिठाची गव्हाची भाकर त्या पहाटे उठून थापायच्या आणि पांढऱ्या फडक्यात गुंडाळून न्यायच्या. शेवटची प्रार्थनाही त्यांचीच. पाळकसाहेब बदलत गेले, पण “कडूबाई, प्रार्थना करा,” हे वाक्य काही बदललं नाही. त्यांची प्रार्थना लांबत असे. पोरंटोरं चुळबुळ करत, पण कुणाच्या म्हशीपासून कुणाच्या जावयापर्यंत एकही माणूस त्या प्रार्थनेतून सुटत नसे.

घरात त्या आणि सून मेरी. मुलगा जॉय सुप्याच्या एमआयडीसीत कंत्राटावर होता, शनिवारी रात्रीच्या गाडीनं यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. मेरी श्रीरामपूरची. सहा वर्षांत तिची दोन बाळंतपणं वाया गेली होती. पहिलं मूल जन्मलं तेच थंडगार. दुसरा मुलगा अकरा दिवस जगला. तिसऱ्या खेपेला सातव्या महिन्यातच पोटात दुखायला लागलं आणि नगरच्या मोठ्या दवाखान्यात मुलगी झाली. सव्वा महिना ती काचेच्या पेटीत होती. फेब्रुवारीत घरी आणली तेव्हा तिचं वजन दोन किलोलाही थोडं कमीच होतं. जॉयनं नाव ठेवलं एंजल.

एंजल दिसायला म्हणजे नुसते डोळे. नर्सबाईंनी सांगितलं होतं, छातीला लावून ठेवा, अंगाची ऊब द्या. दोघी बायका पाळी लावून तिला पोटाशी बांधून बसायच्या. तिची एक खोड होती. उजव्या कुशीवर निवांत झोपायची, पण डाव्या कुशीवर टाकली की प्यालेलं दूध वर यायचं. कडूबाईंना हे पहिल्याच दिवशी कळलं, आणि जो कोणी पोरीला हातात घेईल त्याला त्या आधी हेच सांगायच्या.

मार्च लागला तशी कांदा काढणी सुरू झाली. शेजारच्या पुष्पावतींचं दीड एकर रान काढायला झालं होतं. पुष्पावती पन्नाशीच्या, तीन मुलांच्या आई, तोंडानं फटकळ आणि मनानं मऊ. मेरी आणि कडूबाई दरवर्षी त्यांच्याच रानात असत. लिंबाच्या फांदीला झोळी बांधली, पोरीला उजव्या कुशीवर टाकली, आणि दोघी सरीत बसल्या. एक उपटायची, दुसरी विळ्यानं पात कापायची. ऊन वाढेल तशी माती तापायची, पातीच्या चिकानं बोटं काळी पडायची, आणि दुपारपर्यंत कमरेचा पार काटा ढिला व्हायचा.

पाणी प्यायला बसल्या तेव्हा पुष्पावती झोळीत डोकावल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

“आक्का, राग मानू नका,” त्या कडूबाईंना म्हणाल्या, “पर ह्या पोरीचं काईतरी करा.”

“काय करू?”

“तुमच्या आईनं केलं त्येच. माझा उकिरडा हाय, माझं सूप हाय. मी घेती इकत. मला कुठं पोरगी हाय? तीनी गडीच.”

मेरीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. ती सासूकडं बघायला लागली.

कडूबाई पदरानं मान पुसत म्हणाल्या, “पुष्पावती, तुझी माया मला कळती. पर माझ्या आईनं माझ्यामागं आनखी दोन पोरं अशीच लोळवली. एकाचं नाव दगडू, एकाचं उकिरडा. दोनी गेली. त्यांचं कुनी सांगत न्हाई. मी वाचले तेवढंच सांगत्यात.”

“तुमी तर वाचला ना?”

“मला त्यानं वाचीवलं.” कडूबाईंनी वर बोट केलं आणि त्या उठल्या. “चल मेरी, हे तीन वाफे झाले पायजेत.”

संध्याकाळी भाकरी थापताना मेरीनं विषय काढलाच. आवाज तिनं खालीच ठेवला होता.

“आत्या, एकडाव करू ना. कुनाला सांगायचं न्हाई. जॉयलाबी न्हाई.”

“देवाला फसवायचं?”

“देवाला कशाला? मरनाला फसवू.”

कडूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी लाकूड आत सारलं. “मेरी, मी तीस वरसं बायांना सांगत आले, लिंबू-मिरची बांधू नका, अंगारा लावू नका, त्याच्यावर टाका. माझ्या घरावर आली की मी उकिरड्यावर जाऊ? इस्वास ठिवायचा तर पुरता ठिवायचा. पोरगी त्याची हाय. तो बघंल.”

“आधीची दोन बी त्याचीच हुती,” मेरी म्हणाली.

तव्यावरची भाकरी करपली, तेवढी कडूबाईंनी उलटली. जेवायच्या आधीची प्रार्थना मात्र त्या दिवशी फार लांबली, आणि मेरीला ती ऐकवेना.

त्यानंतरच्या गुरुवारी कडूबाईंचा गुडघा सुजला. त्या पोरीला घेऊन घरीच थांबल्या, आणि मेरी एकटीच रानात गेली. संध्याकाळी आली तेव्हा पोरगी शांत झोपली होती. तिच्या दुपट्याला गवताची एक काडी आणि शेणाचा सुका कण चिकटला होता.

“हे काय लागलं?”

“वारं सुटलं हुतं दुपारी,” कडूबाई म्हणाल्या. “कचरा उडाला आसंल.”

जेवताना त्या म्हणाल्या, “मेरी, प्रार्थना तू कर आज.”

“मी?”

“तू कर. माझा घसा बसलाय.”

मेरीनं दोन वाक्यांत उरकली. दुसऱ्या दिवशीही कडूबाईंचा घसा बसलेलाच होता, तिसऱ्या दिवशीही. बाकी बोलायला त्यांना काही अडचण दिसत नव्हती. मेरीनं फारसं मनावर घेतलं नाही, कारण तिला त्या दिवसांत एकच गोष्ट दिसत होती. पोरगी दूध ओढायला लागली होती. आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी काट्यावर टाकून पाहिलं, तर सव्वादोन किलो. पुष्पावती रोज झोळीत वाकून म्हणायच्या, “काय गं कडे, प्याली का न्हाई?” आपली सासू त्यांचं ऐकत नाही म्हणून मुद्दाम टोचतात, असं मेरीला वाटायचं आणि ती हसायची. तिला हसताना बघून कडूबाई तोंड फिरवायच्या आणि विळ्याची धार बोटानं बघायच्या.

मेरी आता पोरीसाठी पुढचंही बोलायला लागली होती. नाताळाला हिला पांढरा फ्रॉक घ्यायचा, पुढच्या कांद्याला ही चालत रानात येईल, असलं काहीबाही. दोन मुलं पुरलेल्या बाईनं असं बोलायला फार धीर लागतो.

मग एका शनिवारी पोरीनं सकाळपासून पदराला तोंड लावलं नाही. अंग तापलं होतं. दुपारी तिच्या बरगड्यांखाली श्वासागणिक खड्डा पडायला लागला. पुष्पावतींचा थोरला कानिफनाथ टेम्पोत कांद्याच्या गोण्या भरत होता. त्यानं अर्ध्या गोण्या उतरवल्या, दोघींना पुढे बसवलं आणि टेम्पो थेट नगरला काढला. वाटेत कडूबाई एकच वाक्य बोलल्या, “मेरी, उजव्या कुशीवर धर.”

दवाखान्यात आत एकीलाच सोडत होते. मेरी आत गेली. कडूबाई जिन्याखालच्या फरशीवर बसून राहिल्या. पहारेकरी दर तासाला येऊन म्हणायचा, “आजी, इथं बसू नका, वाट सोडा.” त्या उठायच्या, तो गेला की पुन्हा तिथंच बसायच्या. संध्याकाळी सुप्याहून जॉय परस्पर आला, कंपनीच्या निळ्या शर्टावरच. तोही तिथंच भिंतीला टेकला. डॉक्टर तरुण होते, दमलेले होते, पण नीट बोलले. फुप्फुसं पहिल्यापासून कच्ची, त्यात निमोनिया, आमच्याकडून होईल ते सगळं करतोय. सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला एंजल गेली.

मेरी तिला दुपट्यात गुंडाळून जिना उतरली. रडत नव्हती. कडूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि त्यांनी पोरीला घ्यायला हात पुढे केले. मेरी मागे सरकली.

“एकडाव लोळवली असती,” ती म्हणाली, “तर काय गेलं असतं तुमचं?”

जॉयला हे काय चाललंय ते कळेना. तो “अगं, काय बोलतेस,” म्हणाला. कडूबाईंनी हात खाली घेतले.

न्यायला आलेल्या कानिफनाथनं टेम्पोत रिकाम्या गोण्या अंथरल्या. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती आणि तो मनगटानं पुसत गाडी चालवत होता. दुपारी चारला कबरस्थानात पोरीला पुरलं. खड्डा जॉयनंच खणला. पहारीला मुरूम लागला तसा पाळकसाहेबांनी दुसऱ्या कुणाला सांगू का म्हणून विचारलं, पण तो थांबला नाही. तिथं आधीच्या दोघांचे ढेकळांचे दोन उंचवटे होते, त्यांच्याच शेजारी. नेहमी अशा वेळी गाणं कडूबाई उचलायच्या. त्या दिवशी बाया त्यांच्याकडं बघत राहिल्या, आणि शेवटी पाळकसाहेबांनीच बेसूर आवाजात सुरू केलं.

तिसऱ्या दिवशी जॉय सुप्याला गेला. कंत्राटाच्या नोकरीत दुःखाला रजा नसते. चौथ्या दिवशी मेरी कांद्याच्या रानात जाऊन बसली. घरात बसून झोळीच्या मोकळ्या दोरीकडं बघण्यापेक्षा ते बरं होतं.

शहरातल्या लोकांना वाटतं, कांद्याच्या रानात सगळे रडतच असतात. पात कापताना डोळ्यांना काही होत नाही. त्यामुळं मेरी रडली की ती रडतेय हे सगळ्यांना दिसायचं, आणि सबब सांगायला काही नसायचं. त्याहून वाईट म्हणजे दूध. दहा-अकरा वाजले, पोरीची प्यायची वेळ झाली, की पोलकं आपोआप भिजायचं. ती पदर पुढे ओढायची, पण चिकानं काळ्या झालेल्या बोटांचे डाग पदराला लागायचे. ओळीत बसलेली रेश्मा एकदा म्हणाली, “मेरी, कोबीची पानं बांध, दूध आटतं.” चांगल्या मनानंच म्हणाली होती. मेरी विळा टाकून बांधाच्या पलीकडं गेली, तिथं वाकून तिनं दूध मातीत पिळलं आणि परत येऊन बसली.

सासूशी ती बोलत नव्हती. कामापुरतं हो-नाही, एवढंच. “मी आता देवळात यायची न्हाई,” असं तिनं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. कडूबाईंनी मान हलवली होती. त्या स्वतः रोज पहाटे भिंतीकडं तोंड करून बसायच्या, पूर्वीसारख्याच. पण आवाज नसायचा. आणि मेरीच्या एक लक्षात आलं होतं की त्या आता डोळे मिटत नाहीत, नुसत्या खाली बघत बसतात, साहेबापुढं उभं राहिल्यासारख्या.

पुष्पावती मात्र पोरगी गेल्यापासून रानात फिरकल्याच नव्हत्या. कांदा त्यांचा, गोण्या त्यांच्या, आणि त्यांचाच पत्ता नाही. कानिफनाथला विचारलं तर तो म्हणाला, “आईचं बरं न्हाई.”

रविवारी पाडवा होता. कडूबाई चर्चला गेल्या. मेरी घरी एकटीच होती. काहीच सुचेना तेव्हा पुष्पावतींचे दोन विळे द्यायचे राहिलेत म्हणून ती गावठाणात निघाली. घराघरांवर गुढ्या उभ्या होत्या. साखरेच्या गाठी, लिंबाचा डहाळा, वर उपडा तांब्या, कुठं जरीचा खण, कुठं नवी साडी. पुरणाचा वास सुटला होता. पुष्पावतींच्या घरावर गुढी नव्हती. अंगणात सडा नव्हता, रांगोळी नव्हती. पुष्पावती ओट्यावर बसून तांदळातले खडे निवडत होत्या. केस विस्कटलेले, कपाळावर कुंकू नुसतं टेकवलेलं.

“काकी, गुढी न्हाई उभी केली?”

पुष्पावतींनी मान वर केली नाही. “सुतक हाय.”

“अगंबाई! कोन गेलं?”

पुष्पावतींचा हात तांदळात थांबला. मग त्यांचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला.

“कोन गेलं म्हनतीस? तू इचारतीस? माझी पोरगी गेली न्हवं.”

मेरीला काही कळेना. ती विळे हातात धरून तशीच उभी राहिली.

“तुला आक्कांनी सांगितलं न्हाई अजून,” पुष्पावती म्हणाल्या. “त्या गुरवारी आल्या हुत्या. भर दुपारी, गुडघा वढत. पोरीला पदराखाली झाकून. मला म्हनल्या, पुष्पावती, आन तुजं सूप. मी म्हनलं, आक्का, तुमीच तर नगं म्हनला हुता. तर म्हनल्या, मी नगं म्हनले ते माझ्यापुरतं हुतं. ही पोरगी गेली तर माझी सून जगायची न्हाई. उकिरड्यावर आपल्या हातानं निजवली तिला. लई हळू, उजव्या कुशीवर. अन लोळवताना अशा रडत हुत्या, मेरी, अशा रडत हुत्या की मला वाटलं आता परत घेऊन जात्यात. मग मी तिला सुपात घेतली. सूपभर बाजरी दिली. कडी नाव ठिवलं. सांभाळायला तुमच्याकडं दिली. म्हनजे पोरगी माझी झाली का न्हाई? तान्ह्याचं सुतक तीन दिसांचं, माझी सासू असती तर तेवढंच म्हनली असती. पर मी धरलं दहा. मला एकच पोरगी झाली हुती.”

मेरी ओट्याच्या पायरीवर बसली. पुष्पावतींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मग दोघी जणी मोठ्यानं रडल्या. शेजारच्या घरात पुरणपोळीचं ताट वाढत होते. त्यांनी दार लोटून घेतलं.

कडूबाई चर्चहून आल्या तेव्हा मेरी घरातले डबे उघडून बघत होती. कोपऱ्यात, लाकडांच्या मागं, तोंडाला फडक्याचा दादरा बांधलेलं एक गाडगं सापडलं. आत बाजरी होती.

“आत्या, ही ती का?”

कडूबाई दारातच थांबल्या. मग आत येऊन भिंतीला टेकून खाली बसल्या. गुडघा दुमडेना, तो त्यांनी हातानं उचलून सरळ केला.

“व्हय.”

“मला का न्हाई सांगितलं? दवाखान्यात मी तुमाला तसं बोलले, तवा का न्हाई सांगितलं?”

“काय सांगू?” कडूबाई म्हणाल्या. “तू म्हनलीस, लोळवली न्हाई म्हनून गेली. मी तुला कसं सांगू की लोळवली म्हनून गेली?”

मेरीनं गाडग्यावरचा हात काढून घेतला.

“पासष्ट वरसं त्यानं मला संभाळलं, मेरी. नवरा गेला, दोन नातवंडं गेली, मी एकडाव त्याला सोडलं न्हाई. अन ह्या एका पोरीपायी मी सोडलं. मला वाटलं, तो न्हाई वाचवनार. त्याला न्हाई जमनार. असं मनात आनून मी गेले तिकडं. त्याला दिसलं आसंल की मी तिला दुसऱ्याला इकती. म्हनला आसंल, मग आन इकडं.” त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. “माझ्या हातानं गेली पोरगी. ती बाजरी दळवत न्हाई, टाकवत न्हाई, परत नेववत न्हाई. रोज बगती अन झाकून ठिवती.”

मेरी गाडग्यापाशी उभी होती. सहा दिवस ती या बाईचा मनापासून द्वेष करत होती. आता तो कुठं ठेवावा ते तिला समजेना. ती येऊन सासूच्या समोर बसली आणि तिचे हात तोंडावरून ओढून खाली घेतले.

“आत्या, डॉक्टर काय म्हनला? फुफुसं कच्ची हुती. उकिरडा केला म्हनून कच्ची झाली न्हाईत, अन न केला असता तर पिकली नसती.”

“तुला काय ठावं त्याच्या मनातलं?”

“मला न्हाई ठावं. तुमालाबी न्हाई ठावं. पर सूपभर बाजरीसाठी लेकरू उचलून नेनारा असता तर तुमी तीस वरसं त्याच्यापुढं बसला नसता. तुमी तेवढ्या खुळ्या न्हाई.”

कडूबाई रडायच्या थांबल्या नाहीत. तशाच म्हणाल्या, “मला त्याला तोंड दावायची लाज वाटती. पर रोज सकाळी तिथंच जाऊन बसती. दुसरीकडं बसायची सवयच न्हाई.”

त्या आठवड्यात कांदा संपला. शनिवारी कडूबाई पाळकसाहेबांकडं गेल्या आणि त्यांनी झालं ते सगळं सांगितलं. “उद्याची भाकर दुसऱ्या कुनाला सांगा. अन मी बसायची न्हाई. माझ्या आईला तीन महिने बाहेर ठिवलं हुतं, मला किती ते तुमी ठरवा.” पाळकसाहेब तिशीतले होते. त्यांनी म्हातारीचे हात धरले आणि म्हणाले, “कडूबाई, ते दिवस गेले. तुम्ही बसा.” पण त्या मान हलवत परत आल्या.

रविवारी पहाटे कडूबाईंना सुपाच्या आवाजानं जाग आली. अंगणात मेरी बाजरी पाखडत होती. कोंडा उडत होता. शेजारी मिक्सरचं भांडं होतं.

“काय करतीस?”

“भाकर करती. पाळकसाहेबांना रात्रीच सांगून आले.”

“मेरी, ती बाजरी न्हाई!” कडूबाई ओरडल्याच. “ती देवाच्या मेजावर न्हाई!”

“मग कुठं?” मेरीनं सूप खाली ठेवलं. “तुमीच सांगा. घरात ठिवायची न्हाई. काकीला परत देयाची न्हाई. ही माझ्या पोरीची बाजरी हाय आत्या. पोरगी ज्याच्याकडं गेली त्याच्याकडंच ही जाऊ द्या.”

“तू तर देवळात यायची न्हाई म्हनली हुतीस.”

“राग हाय मला त्याच्यावर. लई राग हाय.” मेरीनं पुन्हा सूप उचललं. “पर त्यो राग सांगायलाबी त्याच्याच दारात जावं लागतंय.”

चर्चमध्ये सतरंजीवर बाया डाव्या हाताला बसल्या, गडी उजव्या. जॉय आला होता, तो खिडकीपाशी बसला. कडूबाई सगळ्यांत मागं, दारापाशी, चपलांच्या शेजारी बसल्या. तिथं आजवर त्या कधी बसल्या नव्हत्या. पाळकसाहेबांनी पांढरं फडकं सोडलं. निळसर राखी रंगाच्या दोन बाजरीच्या भाकरी निघाल्या, तेव्हा बायांत कुजबुज झाली. पाळकसाहेबांनी भाकर हातात घेतली, धन्यवाद दिला आणि मोडली. बाजरीची भाकर गव्हासारखी फाटत नाही, कडेनं तुकडे पडतात. ते त्यांनी ताटलीत गोळा केले.

माणसं ओळीनं पुढं जाऊ लागली. मेरी गेली, तिनं हातावर तुकडा घेतला आणि तो तोंडात न घालता तशीच मागं चालत आली. सगळे बघत होते. ती सासूपुढं खाली बसली, तुकड्याचे दोन केले आणि एक पुढं धरला.

कडूबाईंनी मान हलवली.

“घ्या,” मेरी म्हणाली. “तुमी घेतल्याबिगर मी खायची न्हाई.”

कडूबाईंचा हात वर यायला फार वेळ लागला. त्यांनी तुकडा तोंडात घातला आणि तो चावताना त्यांचा सगळा चेहरा हलत होता. मेरीनंही आपला खाल्ला. पाळकसाहेब तोवर थांबले होते. मग त्यांनी द्राक्षरसाचा पेला पुढच्या रांगेकडं नेला.

सगळं झाल्यावर त्यांनी मागं पाहिलं आणि नेहमीसारखंच म्हणाले, “कडूबाई, प्रार्थना करा.”

कडूबाई बसूनच राहिल्या. पोरांची चुळबुळही थांबली. मग मेरीनं त्यांच्या काखेत हात घातला आणि त्यांना उभं केलं. महिनाभर त्यांच्या तोंडून मोठ्यानं प्रार्थना निघाली नव्हती. त्यांनी डोळे मिटले. कुणाची म्हैस नाही, कुणाचा जावई नाही.

“बापा,” त्या म्हणाल्या, आणि थांबल्या. घसा खाकरला. “बापा, पोरगी तुज्याकडं हाय. तुला आमी काय सांगावं. पर तिला डाव्या कुशीवर टाकू नको. दूध वर येतंय तिचं.”

पुढं त्यांना बोलता आलं नाही. दाराबाहेर पुष्पावती उभ्या होत्या, दहा दिवसांचं सुतक फेडून, न्हाऊन, डोक्यावर पदर घेऊन. त्यांना ख्रिस्ती लोकांची रीत माहीत नव्हती, त्यांनी नुसते हात जोडले होते.

आमेन मेरीनं म्हटलं.